नाणे, तोडा आणि बट्टा : सीमाभागातील चलनी शब्दांविषयी

बेळगावच्या एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गावर वाक्प्रचारांचा तास चालला असता आम्ही तेथे बसलो होतो. ‘नावाला बट्टा लागणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ वर्गाला पाठ होता. ‘कलंक लागणे’ असे मुलांनी एका सुरात सांगितले. परंतु ‘बट्टा म्हणजे काय?’ असा प्रश्न येताच वर्ग थबकला. अखेर एका मुलीने धीर करून ‘खलबत्त्यातला बत्ता’ असे उत्तर दिले. शिक्षकांनी ते चूक ठरविले. पण बरोबर उत्तर त्यांच्याजवळ नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर त्या क्षणी ते नेमकेपणाने आमच्याजवळही नव्हते. घरी आल्यावर कोश उघडला तेव्हा उमगले की, ‘बट्टा’ आणि ‘कलंक’ हे समानार्थी शब्द नव्हेत. बट्टा हा सराफाच्या पेढीवरील शब्द आहे. झिजलेले, हिणकस किंवा परक्या टाकसाळीचे नाणे बदलून घेताना त्याच्या दर्शनी किमतीतून जी रक्कम कापून घेतली जाई, तिचे नाव बट्टा. नावाला बट्टा लागला म्हणजे नाव काळे झाले असे नव्हे; जे नाव आजवर बाजारात पुऱ्या किमतीने घेतले जात होते, ते आता कापून घेतले जाऊ लागले. यातील बारीक छटा ‘कलंक’ या शब्दात कोठेही उतरत नाही.

त्या तासापासून आमच्या मनात हा विषय घोळत राहिला. मराठीत माणसाच्या विश्वासार्हतेविषयी बोलताना आपण जे शब्द सहज योजतो, त्यांतील पुष्कळसे शब्द नाणी पारखणाऱ्यांच्या, मोजणाऱ्यांच्या आणि बांधून ठेवणाऱ्यांच्या हातातून आलेले आहेत. पारख, कसोटी, खणखणीत, चलनी, बंदा, खोटा पैसा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. नाणी गेली, शब्द राहिले; आणि मूळ व्यवहार ठाऊक नसल्यामुळे ते शब्द शाळेत केवळ पाठ करण्याचे विषय झाले. सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. येथील नाण्यांची नावे मराठीची किती आणि कन्नडची किती, हे वेगळे करू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. दोन्ही भाषा एकाच थैलीत हात घालीत आलेल्या आहेत.

प्रथम ‘होन’ हा शब्द घ्यावा. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर शिवछत्रपतींनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई पाडली, हे प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास माहीत असते. त्या नाण्यांवरील ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही नागरी अक्षरे पाहून अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. परंतु त्या सुवर्णनाण्याचे नाव मात्र कन्नडातील ‘होन्नु’, म्हणजे सोने, या शब्दावरून आलेले आहे. दक्षिणेत विजयनगरच्या राजांची सोन्याची नाणी दीर्घकाळ चालत होती, आणि ती त्यांच्या राज्याच्या ऱ्हासानंतरही लोकांच्या पेटाऱ्यांत व सरकारी खजिन्यांत राहिली. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे आपली बखर लिहिली. तीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तीत अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशी नावे आढळतात. ही यादी विद्यार्थी बहुधा गाळून पुढे जातात. आमच्या मते ती दक्षिणेच्या अर्थकारणाचा एक लहानसा नकाशाच आहे. विजयनगरच्या राजांची नावे एका मराठी खजिन्यात नाण्यांच्या रूपाने नांदत होती, हे त्यावरून कळते.

त्याहीपूर्वी खानापूर तालुक्यातील हलशी हे गोव्याच्या कदंबांच्या सत्तेचे एक केंद्र होते. त्यांची सिंहाचे चिन्ह असलेली सोन्याची नाणी प्रसिद्ध आहेत, आणि त्या काळच्या लेखांत येणारा ‘गद्याण’ हा शब्द मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांना सारखाच परिचित आहे. मराठी कागदपत्रांतील ‘दुगाणी’ कन्नडात ‘दुग्गाणी’ होते. ‘टाकसाळ’ आणि ‘टंकसाले’, ‘नाणे’ आणि ‘नाण्य’ ही संस्कृतातून आलेली भावंडे आहेत. बेळगावच्या बाजारात कन्नड बोलणारा पैशाला ‘रोक्क’ म्हणतो, तेव्हा मराठी माणसाला त्यात आपली ‘रोकड’ ऐकू येते. आणि मराठी माणूस ‘चिल्लर’ मागतो, तेव्हा तो द्राविडी कुळातील ‘चिल्लरे’च मागत असतो. चवली व पावली हे दोन शब्द तर उत्तर कर्नाटकात आणि महाराष्ट्रात इतके सारखे रुळले की, त्यांचे घर विचारण्याची कोणास गरजच वाटली नाही.

बट्टा हा शब्द या भागात इतका जिवंत का असावा, याचे उत्तर येथील टाकसाळींच्या गर्दीत आहे. पेशवाईत नाणी पाडणे हे एकाच सरकारी कारखान्याचे काम नव्हते. सोनार किंवा सावकार सरकारात रक्कम भरून टाकसाळीचा परवाना घेत, आणि कित्येक ठिकाणी स्थानिक जमीनदार परवान्याची फिकीर न करताही नाणी पाडीत. आजच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाक आणि तोरगल येथे रुपये पडत. गोकाकच्या रुपयावर ‘आझमनगर गोकाक’ असे टाकसाळीचे नाव येई. पूर्वेस बागलकोटी रुपया, दक्षिणेस धारवाडची नाणी, उत्तरेस मिरजेचा रुपया, ज्यावर ‘मुर्तजाबाद’ हे मिरजेचे मुसलमानी अमदानीतील नाव असे. या साऱ्या रुपयांवर बहुधा दिल्लीच्या बादशहाचेच नाव फारसीत असे. राज्य मराठ्यांचे, शिक्का मोगलांचा, आणि बाजार कानडी-मराठी! धातू मात्र एकसारखा नसे. हिणकस नाण्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६५ च्या सुमारास, धारवाडकडील निरनिराळ्या टाकसाळी मोडून धारवाडात एकच टाकसाळ ठेवण्याचा हुकूम निघाला. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठेशाहीतील चलन व टाकसाळी यांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत जो निबंध लिहिला, त्यात या व्यवस्थेची माहिती मिळते. मराठी शिक्षकांनी तो निबंध एकदा तरी पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

अशा बाजारात रुपया म्हणजे केवळ रुपया नसे. कोणता रुपया, कोणत्या सालाचा, किती झिजलेला, हे पाहिल्याशिवाय किंमत ठरत नसे. मोगली पद्धतीच्या नाण्यावर साल असे, आणि चालू सालाच्या नाण्यापेक्षा जुन्या सालाचे नाणे कमी किमतीने घेतले जाई. जे बाजारात बिनतक्रार फिरते ते ‘चलनी’. आज आपण एखाद्या लोकप्रिय नटाला ‘चलनी नाणे’ म्हणतो, तेव्हा त्यात स्तुती किती आणि ‘पुढच्या साली बट्टा बसेल’ ही सूचना किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

किंमत ठरविणारा माणूस म्हणजे पोतदार. फारसीतील ‘फोता’, म्हणजे थैली किंवा खजिना, यावरून ‘फोतेदार’ आणि त्यावरून ‘पोतदार’ असा हा शब्द आला. गावात हे काम बहुधा सोनाराकडे असे. सरकारी सारा भरण्यास आलेल्या शेतकऱ्याची नाणी तो पारखून घेई. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील तालुक्याच्या खजिन्यावर रोकड मोजणाऱ्या नोकरालाही पोतदारच म्हणत. आज सीमाभागात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतून हे आडनाव आढळते. सराफ, पारखी, टांकसाळे ही आडनावेही त्याच धंद्याच्या खुणा होत. वर्गात यांपैकी एखादे आडनाव हटकून सापडते, आणि शिक्षकाने तेथूनच पाठाला आरंभ केला तर मुलांचे लक्ष लागण्यास वेळ लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पोतदाराची परीक्षा चार अंगांनी होई. तो नाणे काट्यात घालून वजन पाही. अंगठ्याच्या नखावर तोलून ते उडवी किंवा दगडावर टाकी, आणि नाद ऐके. शुद्ध रुप्याचा नाद लांबतो, शिशाची किंवा कथलाची भेसळ असल्यास तो बद्द येतो. ‘खणखणीत’ हे विशेषण येथले आहे. सोन्याचे नाणे असल्यास कसोटीच्या काळ्या दगडावर त्याची रेघ ओढून रंग पाही; कस लावणे आणि कसोटीस उतरणे हे त्यातून आले. शंका उरल्यास नाण्यावर बारीक छाप मारून आतील धातू तपासी. जुन्या रुपयांवर अशा छापांची दाटी कित्येकदा इतकी असते की, मूळ अक्षरे शोधावी लागतात. म्हणजे पारखल्याने नाणे झिजते, आणि झिजल्याने त्याला पुन्हा बट्टा बसतो! फार पारख केलेल्या वस्तूचे काय होते, याचे हे उदाहरण समीक्षकांनाही उपयोगी पडावे.

पारखणाऱ्याच्या हातात एवढी सत्ता असल्यावर तिचा दुरुपयोग होणारच, हे आपल्या पूर्वजांना माहीत होते. याज्ञवल्क्यस्मृतीत नाणे पारखणाऱ्यासाठी दंड सांगितला आहे. खोट्या नाण्याला खरे म्हणणारा अपराधी, एवढेच सांगून स्मृतिकार थांबत नाही. खऱ्या नाण्याला खोटे म्हणणाराही तितकाच अपराधी, आणि दोघांनाही सर्वांत मोठा दंड, असे तेथे विधान आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पुढे याचे काम पडणार आहे.

आता नाणी बाळगण्याचा आणि बांधण्याचा विचार करू. सामान्य माणसाची पहिली थैली म्हणजे त्याचे वस्त्र. धोतराच्या निऱ्यांजवळची कनवट आणि लुगड्याच्या पदराची गाठ ही दोन ठिकाणे शेकडो वर्षे पुरली. ‘कनवटीला पैसा असणे’ हा प्रयोग आजच्या मुलांना समजत नाही, कारण कनवटच राहिली नाही. त्यानंतर चंची, म्हणजे गुंडाळून बांधावयाची, खणाखणांची कापडी पिशवी. निपाणी हा तंबाखूचा मुलूख; तेथील शेतकऱ्याच्या चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि पैसे हे एकाच घरातील भाऊ होते. त्या नाण्यांना येणारा वास ज्यांनी लहानपणी घेतला आहे, त्यांना तो अजून आठवत असेल. प्रवासाला निघालेला व्यापारी कमरेला कसा किंवा हमयाणी बांधी. स्त्रियांचा बटवा निराळा. आणि जो पैसा हलवावयाचा नाही, तो गळ्यात: व्हेनिसच्या सुवर्णनाण्यावरील मनुष्याकृतीमुळे त्याला ‘पुतळी’ नाव पडले, आणि पुतळ्यांची माळ हा दागिना होऊन बसला. परदेशी चलन सुरक्षित ठेवण्याची याहून शोभिवंत रीत आम्हांस ठाऊक नाही.

मोठ्या रकमेचे माप तोडा. हजार रुपयांच्या थैलीला तोडा म्हणत. मोजणी हाताने होई. प्रथम मोजून एक चळत लावावयाची, मग तिच्याशेजारी तेवढ्याच उंचीच्या चळती उभ्या करावयाच्या आणि वरून तळहात फिरवावयाचा. एखादी चळत उंच किंवा ठेंगणी असेल तर हाताला लागते. मोजून झाल्यावर थैलीचे तोंड दोरीने आवळून गाठीवर लाखेची मोहर. ही मोहर फुटलेली नसेपर्यंत तोडा उघडून मोजण्याचे कारण नसे. मोहर करणाऱ्याची पत हीच त्या थैलीतील एक हजार एकावी वस्तू होती. एवढे ओझे बैलावर किंवा घोड्यावर घालून घाटातून न्यावयाचे म्हणजे चोरांना आमंत्रण, म्हणून हुंडी निघाली. नाणी आपल्या जागी राहावीत आणि कागदाने प्रवास करावा, अशी ही सोय.

या ‘हुंडी’ शब्दाची सीमाभागात मोठी गंमत आहे. मराठीत हुंडी म्हणजे सावकाराची पैसे देण्याविषयीची चिठ्ठी. कन्नडात हुंडी म्हणजे देवळातील दानपेटी. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर महाराष्ट्रातून जाणारे भाविक ‘हुंडीत पैसे टाकले’ असे निःशंकपणे म्हणतात. मराठी शुद्धतेचे कैवारी त्यावर आक्षेप घेतील. आम्ही घेणार नाही. देवीकडे पाठविलेली रक्कम परत कोठे वटावयाची, याविषयी भाविकाच्या मनात काही कल्पना असतेच. तेव्हा मराठी अर्थही तेथे अगदीच चुकला असे म्हणवत नाही.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तरी बाजारातील नाण्यांची खिचडी लगेच संपली नाही. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग रुपे. या एका निर्णयाने पोतदाराचा निम्मा धंदा बसला. आता रुपया हे नाणे राहिले आणि वजनही झाले. ‘रुपयाभार’ हळद, ऐंशी रुपयेभाराचा शेर, असे हिशेब घराघरांत होऊ लागले. तोडा मोजण्याचेही कारण उरले नाही. हजार रुपये म्हणजे हजार तोळे, साडेबारा शेर. तराजूचा काटा समतोल राहिला की रक्कम बरोबर. तथापि तांब्याची शिवराई एवढ्या लवकर हटली नाही. शिवरायांच्या नंतरही तीच अक्षरे घेऊन ती पाडली जात होती. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली, म्हणून ‘दुदांडी’ म्हणविली जाणारी शिवराई एकोणिसाव्या शतकातही खेड्यांच्या बाजारात चालत होती. ढब्बू पैसा हे असेच दुसरे जाडजूड नाणे. ते गेले, पण बेळगाव-कोल्हापूरच्या भाजीबाजारात ढब्बू मिरची अजून मिळते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांब्याची टंचाई झाली, तेव्हा १९४३ पासून मध्यभागी भोक असलेला पैसा निघाला. आमच्या पिढीच्या आधीच्या लोकांना तो चांगला आठवतो. त्याला थैलीच लागत नसे. सुतळीत ओवला की झाले. सरकारने तांबे वाचविण्यासाठी भोक पाडले, आणि लोकांनी त्यातून पैसे बांधण्याची नवी रीत काढली. १९४० पासून रुपयातील रुपे निम्म्यावर आले होते; पुढे तो निकेलचा झाला, आणि त्याबरोबर त्याचा जुना नादही गेला.

यानंतर सीमाभागाच्या आयुष्यातील एक चमत्कारिक योग येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. म्हणजे निपाणीच्या दुकानदाराला पाच महिन्यांत दोन वेळा हिशेबाची वही बदलावी लागली. एकदा कचेरीच्या भाषेसाठी आणि एकदा आकड्यांसाठी. पहिल्या बदलाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्याचा निर्णय अद्याप न्यायालयात आहे. दुसऱ्याविषयी मात्र साहित्यात फारसे काही सापडत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

या बदलातील अडचण साध्या गणिताची होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वासहाचे नाणे नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे धरले गेले. जुन्या एका पैशाचे दोन नवे पैसे. आता एकेक जुन्या पैशाची वस्तू चार वेळा घेणाऱ्याचे आठ नवे पैसे जात, आणि तीच एकदम आणा देऊन घेणाऱ्याचे सहा. जो गरीब थोडेथोडे घेतो त्याला दोन पैशांचा बट्टा, आणि जो एकदम घेतो त्याला माफी! विड्यांची पाने कातरून दिवसाची मजुरी मिळविणाऱ्या निपाणीच्या घरांत या दोन पैशांचा हिशेब किती वेळा झाला असेल, याची कल्पनाच करावी. १ जून १९६४ रोजी ‘नवा’ हे विशेषण गळून पडले आणि पैसा पुन्हा नुसता पैसा झाला. बोलण्यातील आणे मात्र हटले नाहीत. पंचवीस पैशांना चार आणे, पन्नासांना आठ आणे. कन्नडात नाल्काणे आणि एंटाणे. कायद्याने आणा गेला, पण दोन्ही भाषांनी तो आपापल्या कनवटीला ठेवला.

आणखी एक लहानशी गोष्ट येथेच नोंदवितो. पंचम जॉर्जच्या काळातील निकेलमिश्रित आण्यावर किंमत चार लिपींत असे: नागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू. त्यामुळे मराठी वाचणाऱ्याला नागरी आणि कन्नड वाचणाऱ्याला तिच्या जवळची तेलुगू अशी सोय होती. आजच्या नाण्यांवर हिंदी आणि इंग्रजी एवढेच असते. तथापि १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचा रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले, २००६ मध्ये महात्मा बसवेश्वरांचे पाच रुपयांचे. ही तिन्ही एकाच गल्ल्यात सापडल्याचे आम्ही पाहिले आहे. दुकानदाराने ती वेगळी काढलेली नव्हती.

आजच्या नाण्यांची बांधणी कशी होते? लाखेची मोहर गेली. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकांनी एक व दोन रुपयांची नाणी शक्यतो वजनाने घ्यावीत, किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या पॉलिथिनच्या पिशव्यांतून घ्यावीत. वाचताना ही रीत तोड्याचीच नवी आवृत्ती वाटते. परंतु तोड्यातील हजार रुपये एकाच वजनाचे होते, आणि आजचे तसे नाहीत. २०११ च्या मालिकेतील रुपया ३.७९ ग्रॅमचा, २०१९ च्या मालिकेतील ३.०९ ग्रॅमचा, आणि १९९२ नंतर निघालेला पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा. म्हणजे शंभर रुपयांची पिशवी ३०९ ग्रॅमही भरेल आणि ४८५ ग्रॅमही. वजनाचा उपयोग करण्यापूर्वी नाणी मालिकांनुसार निवडावी लागतात, आणि निवडलीच तर मोजण्यास किती वेळ लागणार? याहून विचित्र असे की, १९९२ चा तो रुपया आणि २०११ चे दोन रुपयांचे नाणे यांचे वजन एकच आणि व्यासही एकच, २५ मिलिमीटर. यल्लम्मेच्या किंवा अंबाबाईच्या पेटीतील राशी निवडावयास बसलेल्या माणसाला बोटांच्या स्पर्शावर विसंबता येत नाही. प्रत्येक नाणे डोळ्यांनी पाहावे लागते. पोतदार डोळे मिटून नादावर नाणे ओळखी. ती विद्या नाण्यांच्या धातूने आणि मापाने हिरावून घेतली, माणसाच्या आळसाने नव्हे.

आता याज्ञवल्क्याकडे वळू. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे २००९ मध्ये चलनात आले. त्यावरील आकृती वेळोवेळी बदलल्या. २०११ पासून रुपयाचे चिन्ह त्यावर येऊ लागले. एवढ्यावरून, काही नाणी खोटी आहेत, अशी आवई देशाच्या अनेक भागांत उठली आणि दुकानदार ती घेईनासे झाले. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये खुलासा केला, जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा केला, आणि चौदाही प्रकारची नाणी खरी असल्याचे सांगितले. आवई मात्र पुरती मेली नाही. सीमाभागातील आमचा अनुभव असा की, एका गावात दिलेले नाणे दुसऱ्या गावात परत येते. एकदा बसमध्ये आम्ही दहाचे नाणे दिले असता वाहकाने ते नम्रपणे परत केले, आणि ‘हे तिकडे चालते’ असे म्हटले. त्याचा हात ज्या दिशेकडे होता, तेथूनच आम्ही आलो होतो, आणि तेथे ते चालत नाही म्हणूनच आमच्या खिशात उरले होते. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. बँकांना तर ग्राहकाकडून कितीही नाणी स्वीकारण्याची मोकळीक आहे. असे असता खऱ्या नाण्याला खोटे म्हणणारे आपण सर्वजण त्या स्मृतिकाराच्या दृष्टीने दंडास पात्र आहोत. फरक एवढाच की, पूर्वी नाणे खोटे ठरविण्यासाठी ते निदान वाजवून पाहावे लागे.

वाजवून पाहण्याचा प्रसंग तसाही कमी होत चालला आहे. दुकानांतून मोबाइलने पैसे दिले जातात, आणि गल्ल्याशेजारची लहानशी पेटी किती रुपये आले ते मोठ्याने सांगते. कोठे कन्नडात, कोठे मराठीत, कोठे हिंदीत. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी रद्द झाल्यामुळे देवाला किंवा भटजींना ‘सव्वा रुपया’ धातूच्या रूपाने देणे अशक्य झाले आहे. संकल्पात मात्र तो अद्याप उच्चारला जातो. पावलीचे नाणे नाही, आणि पावलीवाचून सव्वा होत नाही. ताम्हनात ठेवले जातात ते दोन रुपये किंवा अकरा.

हे सारे मुलांना सांगावयाचे कसे, असा प्रश्न त्या सातवीच्या शिक्षकांनी आम्हांस नंतर विचारला. आम्ही व्याख्यान देण्याऐवजी घरातील जुनी नाणी एका डब्यात घालून नेली: एक झिजलेली शिवराई, भोकाचे दोन पैसे, एक निकेलचा आणा, विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक रुप्याचा रुपया आणि आजचा एक रुपया. मुलांनी प्रथम दोन्ही रुपये फरशीवर टाकून नाद ऐकला. मग एकाने शिवराई पालथी करून पाहिली आणि तिच्यावरचे अक्षर पुसले आहे, तेव्हा ही पुऱ्या किमतीची धरावी की नाही, असे विचारले. ‘तूच ठरव,’ असे शिक्षक म्हणाले. वर्गात दोन तट पडले, बराच वाद झाला, आणि शेवटी चार आणे कापून घ्यावेत असा निकाल लागला. खलबत्ता म्हणणारी ती मुलगी फळ्याजवळ गेली आणि तिने ‘बट्टा’ हा शब्द लिहून त्यापुढे ‘चार आणे’ असे लिहिले. शिवराईची सारी किंमत एका आण्याइतकीही नव्हती, हे सांगण्याचे आम्ही दुसऱ्या तासावर ठेवले.